भाचीला अंतराळवीर व्हायचंय. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढं कोणती वाट धरावी?

मांजराकाठ (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी,

माझी भाची नांदेडला इंजिनिअरिंग करते, मेकॅनिकल, दुसरं वर्ष. घर अहमदपूर तालुक्यातलं, वडील शेतकरी, सोयाबीन आणि तूर. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा पोरीनं उड्डाणापासून परतीपर्यंत सगळं मोबाइलवर पाहिलं. आता तिनं घरात स्पष्ट सांगितलंय की मला अंतराळवीर व्हायचंय, आणि त्यासाठी काय लागतं ते मला शोधून द्या.

तिच्या बोलण्यात पोरकटपणा नाही, म्हणून मीही हा प्रश्न मनावर घेतला आहे. मी शाळेत गणित शिकवतो, पण या बाबतीत मला बाहेरची माहिती शून्य. दाजी म्हणतात, कॅम्पसमधून नोकरी लागली की पुण्याला जा आणि विषय संपव. आजी मात्र म्हणते पोरीला आडवू नका.

अडचण अशी की माहिती विचारायला गेलं की लोक क्लासचे पत्ते देतात. एका खासगी संस्थेकडून फोन आला: परदेशात काही दिवसांचं 'अंतराळवीर प्रशिक्षण', प्रमाणपत्र, फी लाखांत. दाजी शेतावर कर्ज काढायला तयार झाले होते, मी थांबवलंय.

तर जाणकारांनी सांगावं. मेकॅनिकल चालतं का? पुढं एम.टेक. की वायुदल की अमेरिका? तिला बारीक नंबरचा चष्मा आहे, उंची १६३ सेंटिमीटर. गोड बोलू नका, खरं सांगा.

---

दुंडीगल_परभणी

मांजराकाठ सर, आधी ते प्रशिक्षणाचं प्रकरण मिटवा. जगातली कुठलीही सरकारी अंतराळ संस्था असलं प्रमाणपत्र बघून माणूस निवडत नाही. एक रुपया देऊ नका.

मी वायुदलात तांत्रिक शाखेत होतो, आता परभणीला असतो. भारतापुरतं चित्र सांगतो. गगनयानासाठी, म्हणजे माणूस अंतराळात नेण्याच्या भारताच्या मोहिमेसाठी, जे चौघं निवडले गेले, प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला, ते चौघंही वायुदलाचे टेस्ट पायलट, म्हणजे नवी विमानं उडवून तपासणारे वैमानिक. नावं २७ फेब्रुवारी २०२४ ला तिरुवनंतपुरमला जाहीर झाली, पण निवड त्याच्या कितीतरी आधीची. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये वैद्यकीय चाळणी झाली, मग फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२१ रशियात गागारिन केंद्रात प्रशिक्षण. १९८४ मध्ये गेलेले राकेश शर्मा टेस्ट पायलट, आणि त्यांचे राखीव सहकारी रवीश मल्होत्रा हेही टेस्ट पायलटच. म्हणजे आजवर भारताकडून प्रत्यक्ष वर गेलेली दोन्ही माणसं एकाच दारातून गेली आहेत.

शुक्लांचा क्रम बघा. जन्म १९८५ चा. एनडीए, २००६ मध्ये लढाऊ वैमानिक म्हणून कमिशन, मग टेस्ट पायलट, पुढं बेंगळुरूच्या आयआयएससीतून एरोस्पेसमध्ये एम.टेक. उड्डाण झालं तेव्हा वय ३९. पोरीला हे वय आवर्जून सांगा. या कामात विशीत पेरायचं आणि चाळिशीच्या तोंडावर कापणी, तीही निवड झाली तर.

तुमच्या भाचीसाठी एनडीएचं वय गेलं. तिला एएफकॅट आहे, म्हणजे वायुदलाची अधिकारी भरतीची परीक्षा. वर्षातून दोनदा होते, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो. उड्डाण शाखेला वय २० ते २४, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, पदवीला ६० टक्के. लेखी झाली की सिलेक्शन बोर्डाची पाच दिवसांची मुलाखत, आणि तिथंच वैमानिक होण्याची कल चाचणी असते, तिला सीपीएसएस म्हणतात. पडद्यावरची उपकरणं झटक्यात वाचायची, हातापायांनी एकाच वेळी नियंत्रण ठेवायचं. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. एनडीएतून द्या, सीडीएसमधून द्या नाहीतर एएफकॅटमधून, नापास झालं की उड्डाण शाखेचं दार कायमचं बंद. त्यामुळं 'बघू तरी एकदा देऊन' म्हणून जाऊ नये. पूर्ण तयारीनं, झोप नीट झालेली असताना जावं.

उंची वैमानिकाला किमान १६२.५ लागते, तिची बसते, पण फार थोडक्यात. पायाची लांबीही ९९ सेंटिमीटर लागते, ती मोजून घ्या. चष्म्याचं मात्र अवघड आहे. जवळचं दिसतं आणि लांबचं धूसर, असा नंबर असेल तर उड्डाण शाखेत चालत नाही. लेझर शस्त्रक्रिया काही अटींवर मान्य होते, पण वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली चालत नाही. घाई करून आत्ताच करून आणाल तर नुकसान होईल.

आणि एक वाट फारशी कुणाला माहीत नसते. बेंगळुरूच्या टेस्ट पायलट स्कूलमध्ये वैमानिकांच्या बरोबरीनं फ्लाइट टेस्ट इंजिनिअरही घडवतात. नवं विमान किंवा नवी यंत्रणा हवेत नेऊन तिची चाचणी कशी घ्यायची, काय मोजायचं, कुठं थांबायचं, हे ठरवणारा इंजिनिअर. २०२१ मध्ये स्क्वाड्रन लीडर आश्रिता ओलेटी या वायुदलातल्या पहिल्या महिला फ्लाइट टेस्ट इंजिनिअर झाल्या. त्या इंजिनिअरिंग पदवीधर. तांत्रिक शाखेला डोळ्यांचे निकष उड्डाण शाखेइतके कडक नाहीत. अंतराळात जाण्याची हमी यात नाही, पण अंतराळवीर जे काम करतो त्याच्या इतकं जवळचं इंजिनिअरिंग आपल्याकडं दुसरीकडं क्वचित मिळेल.

---

गोदाकाठ

लई भारी धागा. आमच्या गंगाखेडकडं पोरीला इंजिनिअरिंगला नांदेडला पाठवायचं म्हटलं तरी लोक चार गोष्टी सुनावतेत. तुम्ही मामा म्हणून एवढं करायलात, पोरीचं नशीब चांगलं हाय. वाचायलोय, लिहीत राहा.

---

थुंबाकिनारा

मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला, सध्या केरळात, रॉकेटच्याच क्षेत्रात. दुंडीगल सरांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे, पण त्यातून 'इंजिनिअरला भारतात जागा नाही' असा अर्थ कुणी काढू नये.

आपल्याकडं इंजिनिअर अंतराळवीर निवडले गेले होते, फक्त ते गेले नाहीत. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या शटलमधून इन्सॅट-१सी उपग्रह सोडायचा होता आणि त्यासोबत एक भारतीय पेलोड स्पेशालिस्ट, म्हणजे त्या कामापुरता नेलेला तज्ज्ञ, जाणार होता. इस्रोनं त्यासाठी आपलीच दोन माणसं निवडली: एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन. दोघंही इस्रोत काम करणारे, लढाऊ वैमानिक नव्हेत. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर या शटलचा अपघात झाला आणि ते उड्डाण रद्द झालं. हा अपघात झाला नसता तर राकेश शर्मांनंतरचा दुसरा भारतीय अंतराळवीर इस्रोचा माणूस असता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि ती शाळेत कुणीही सांगत नाही.

दुसरं, शुक्लांच्या त्या यानात कोण कोण होतं ते पाहा. चौघांत लढाऊ वैमानिक ते एकटेच. पोलंडचे स्लावोश उझनान्स्की हे इंजिनिअर, सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत काम केलेले. किरणोत्सर्गात इलेक्ट्रॉनिक्स कसं टिकवायचं हा त्यांचा विषय. हंगेरीचे टिबोर कापू मेकॅनिकल इंजिनिअर. भाचीला सांगा, तुझीच शाखा! आणि मोहिमेच्या प्रमुख पेगी व्हिटसन या जीवरसायनशास्त्रज्ञ. त्या आयोवातल्या शेतकरी घरातल्या, १९९६ मध्ये नासानं निवडण्याआधी वर्षानुवर्षं अर्ज करत राहिल्या. आज त्यांच्या नावावर अंतराळातले ६०० हून जास्त दिवस आहेत.

का असं? पहिल्या उड्डाणांत यानच नवं असतं, ते चालवून बघायला टेस्ट पायलट लागतो. स्थानक उभं राहिलं की कामाचं स्वरूप बदलतं. तिथं दिवसभर प्रयोग, दुरुस्ती आणि देखभाल असते. भारतानं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत आणि चंद्रावर भारतीय माणूस २०४० पर्यंत, अशी उद्दिष्टं जाहीर केली आहेत. ही वर्षं मागंपुढं होतील हे गृहीत धरा, आपल्या क्षेत्रात असंच होतं. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी २०२३ मध्ये महिला टेस्ट पायलट आणि महिला शास्त्रज्ञांना पुढच्या मोहिमांत घेण्याविषयी जाहीरपणे बोललेलं आहे. आज विसाव्या वर्षी असलेली मुलगी २०४० ला पस्तिशीत असेल. अंतराळवीराचं नेमकं वय तेच.

आता अभ्यासाचं. मेकॅनिकल उत्तम. गगनयानाच्या कक्षाचं, म्हणजे माणसं बसतात त्या भागाचं, उदाहरण घ्या. समुद्रात उतरताना एकूण दहा पॅराशूट ठरलेल्या क्रमानं उघडतात. आधी वरचं झाकण दूर करणारी दोन, मग वेग कमी करून कक्ष स्थिर करणारी दोन, मग तीन छोटी आणि ती ओढून बाहेर काढतात ती तीन मुख्य. यातलं एखादं उघडलं नाही तरी माणूस जिवंत राहिला पाहिजे, हे गणित मेकॅनिकलवालाच करतो. आतली हवा, तापमान, आर्द्रता, श्वासातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकणं, हेही मेकॅनिकल आणि केमिकलचं काम. आपत्काळात कक्षाला रॉकेटपासून ओढून दूर नेणारी यंत्रणा २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून तपासली गेली. त्या दिवशी पहिल्या प्रयत्नात उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकानं मोजणी थांबवली. कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि त्याच सकाळी उड्डाण झालं. ज्या पोरीला अंतराळात जायचंय तिनं अशा सकाळी नियंत्रण कक्षात कुठंतरी असावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी वाट सरळ आहे. बी.टेक.ला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीएच्या वर राहायचं, इस्रोच्या 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' भरतीची जाहिरात आली की लेखी आणि मुलाखत. मुलाखतीत पाठांतर चालत नाही. 'ही दांडी इथं का तुटली' असं विचारतात आणि तुम्ही फळ्यावर काय काढता ते बघतात. आणि गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा, द्यायची. मेकॅनिकलवाल्यांना आयआयएससी, आयआयटी मुंबई, मद्रास, कानपूर इथं एरोस्पेसच्या एम.टेक.ला प्रवेश मिळू शकतो.

---

बालाघाट

माफ करा, पण मी विरुद्ध बोलणार आहे. एवढ्या वर्षांत देशानं गगनयानासाठी चार माणसं निवडली. चार! तेही वैमानिक. तुम्ही मंडळी हिमालय दाखवायलात त्या पोरीला. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकायलोय आम्ही. त्या बापाच्या डोक्यावर हे ओझं कशाला? पोरगी पुण्याला चाकणला लागली तर घर वर येईल. ती चाळीस वर्षांची होईपर्यंत घरच्यांनी वाट बघायची का?

मी वाईटावर नाही. माझ्या गावातला एक हुशार पोरगा स्पर्धा परीक्षेच्या नादात तिशी पार करून बसलाय, ते रोज बघतो म्हणून बोलतोय.

---

थुंबाकिनारा

बालाघाट दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. पण स्पर्धा परीक्षा आणि ही वाट यात एक मोठा फरक आहे, तो पैशाच्या भाषेत सांगतो.

स्पर्धा परीक्षेत पोरगं खोलीत बसून वर्षं घालवतं, आणि नापास झालं की हातात काहीच उरत नाही. इथं असं एकही वर्ष नाही. गेटवरून एम.टेक.ला गेली तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन. वायुदलात निवड झाली तर दुंडीगलच्या वायुदल अकादमीत उड्डाण प्रशिक्षण चालू असतानाच ५६,१०० विद्यावेतन. इस्रोत लागली तर सुरुवातीचं मूळ वेतन तेवढंच, वर भत्ते. दाजींना शेत विकायचं काम नाही, कर्ज काढायचं काम नाही. पोरगी बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कमावती होते. अंतराळवीर होणं न होणं तिथून पुढची गोष्ट, आणि झाली नाही तरी ती चांगली एरोस्पेस इंजिनिअर किंवा अधिकारी असते.

म्हणून माझी एकच अट. प्रत्येक टप्पा असा निवडावा की तो स्वतःच्या बळावर उभा राहील. 'फक्त अंतराळवीर होण्यासाठी' म्हणून काहीही करू नये, आणि ते मनातून काढूनही टाकू नये.

चार माणसांचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. आकडा मोठा करून मी सांगणार नाही.

---

बालाघाट

हे पटलं. विद्यावेतनाचं मला माहीत नव्हतं. माझ्या गावातल्या पोरांना सांगतो.

---

जालना_ते_टेक्सास

अमेरिकेच्या वाटेबद्दल मी लिहितो, कारण इथं येऊन हे शिकायला मला फार वेळ लागला आणि कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं.

नासात अंतराळवीर होण्यासाठी पहिली अट अमेरिकन नागरिकत्व. दुसरी, विज्ञान-इंजिनिअरिंग-गणितात मास्टर्स. तिसरी, पदवीनंतर संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव किंवा मुख्य वैमानिक म्हणून १,००० तास, त्यातले बहुतेक जेट विमानावर. चौथी, लांब मुक्कामासाठीची वैद्यकीय तपासणी. चष्मा चालतो, दृष्टी चष्म्यानं पूर्ण होत असली की झालं. २०२४ च्या भरतीत ८,००० हून अधिक अर्ज आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दहा जण निवडले गेले. त्याच्या बऱ्याच आधी, २०१६ च्या भरतीत अर्ज १८,३०० च्या वर होते आणि निवड बाराजणांची.

कल्पना चावलांचं नाव घेऊन सगळे इकडं येतात, पण त्यांची वर्षं कुणी मोजत नाही. १९८२ ला चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजमधून एरोनॉटिकल, १९८४ ला टेक्सासमधून एम.एस., १९८८ ला कोलोराडोतून पीएच.डी., मग नासाच्या एम्स केंद्रात विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचं संगणकावर संशोधन. १९९१ मध्ये नागरिकत्व, १९९४ च्या डिसेंबरात निवड, नोव्हेंबर १९९७ ला पहिलं उड्डाण. भारत सोडल्यापासून पंधरा वर्षं, आणि मधल्या काळात त्या स्वतः विमान चालवायला आणि शिकवायलाही शिकल्या होत्या. आणि त्या काळी ग्रीनकार्डची रांग आजच्यासारखी नव्हती. आज भारतात जन्मलेल्या माणसाला एम.एस. करून नोकरीवरून ग्रीनकार्ड मिळवायचं तर ती रांग दशकांची असू शकते.

अजून एक भिंत आहे. इथले निर्यात नियंत्रणाचे कायदे रॉकेटचं तंत्रज्ञान संरक्षण साहित्यासारखं धरतात. त्यामुळं बहुतेक रॉकेट कंपन्या नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकालाच घेतात. एरोस्पेसमध्ये एम.एस. केलेली कितीतरी भारतीय मुलं शेवटी गाड्यांच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कंपनीत जातात. कर्ज काढून येणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं. युरोपातही तसंच, त्यांच्या अंतराळ संस्थेला सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं.

शिकायला यायचंच असेल तर जरूर यावं. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती जरूर बघावी. पण 'नासात जायचं म्हणून अमेरिका' हा हिशेब आज बसत नाही. भारतीय म्हणून अंतराळात जायचं तर भारतातच राहून संधी जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय.

---

वाण_आणि_बियाणं

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलो. इथं सगळे रॉकेट आणि विमान लिहीत आहेत म्हणून थोडं वेगळं. शुक्लांनी स्थानकावर भारताचे म्हणून जे सात प्रयोग केले, त्यातला एक मूग आणि मेथीला मोड आणण्याचा होता. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्या आयआयटीचा. दुसऱ्या एका प्रयोगात पिकांचं बियाणं वर नेलं होतं, परत आणून पुढच्या पिढ्यांत काय फरक पडतो ते बघायला. बाकी सूक्ष्म शैवाल, स्नायूंच्या पेशी, टार्डिग्रेड नावाचा चिवट सूक्ष्मजीव.

सांगायचं एवढंच की स्थानकावर माणूस जातो तेव्हा तो आमच्यासारख्यांचे हात होऊन जातो. म्हणून इंजिनिअर पोरीनं थोडं जीवशास्त्र वाचावं. आमच्या विभागात कुणी मेकॅनिकलचं पोरगं येऊन 'पाण्याविना मुळं कशी वाढवायची, त्याचं यंत्र करतो' म्हणालं, तर आम्ही त्याला खुर्ची देऊ.

---

किल्लारीकर

माझा धाकटा भाऊ यंदा दहावीत, लातूरला. त्यालाही हेच वेड. त्याच्यासाठी कुणी सांगेल का? सध्या घरात नीटचं चाललंय. पीसीबी घ्यायचं ठरतंय.

---

एसपीआय_जुना

किल्लारीकर, गणित सोडू देऊ नका! लातूरला नीटच्या लाटेत हुशार मुलं गणित सोडतात, आणि बारावीनंतर त्यांना कळतं की वायुदलाची उड्डाण शाखा, इंजिनिअरिंग, तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ तंत्रज्ञानाची संस्था, सगळंच गेलं. डॉक्टर होऊनही अंतराळात जातात माणसं, पण भावाला विमान आणि रॉकेट आवडतंय ना? मग गणित ठेवावं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, एसपीआय म्हणतात. १९७७ पासूनची. दहावीनंतर लेखी परीक्षा आणि मुलाखत, मग अकरावी-बारावी तिथं राहून एनडीएची तयारी. मी तिथं शिकलो. पहाटेचं पळणं, इंग्रजीत उभं राहून बोलणं, चूक झाली तर ती तोंडावर कबूल करणं, हे सगळं खेड्यातल्या पोराला तिथं मिळतं. लेखी पास होऊन सिलेक्शन बोर्डात गळणारी आपली मुलं बुद्धीत कमी नसतात, चारचौघांत बोलायची सवय नसते म्हणून गळतात. मुलींसाठी अशी संस्था नाशिकला सुरू झाली आहे, आणि एनडीएतही २०२२ पासून मुली आहेत.

आयआयएसटीला जायचं असेल तर जेईई ॲडव्हान्स्ड लागते. एनडीए आणि जेईईचं गणित बरंच सारखं आहे, दोन्हीची तयारी एकत्र होते.

---

विष्णुपुरी_मेक

नमस्कार. मी मामांची भाची. मामांनी लिंक दिली, सगळं दोनदा वाचलं. सर्वांचे आभार.

काही विचारायचं होतं. एक, गेटला मेकॅनिकलचा पेपर द्यावा की एरोस्पेसचा? दोन, आत्ता दुसऱ्या वर्षाला असताना नेमकं काय करू, कारण कॉलेजात एरोस्पेसचे विषय नाहीत. तीन, मला पोहता येत नाही. कुठंतरी वाचलं की पोहणं लागतं. आमच्याकडं मुलं पाठीला डबा बांधून विहिरीत शिकली, मुलींना कुणी उतरू दिलं नाही.

---

जालना_ते_टेक्सास

पोहण्याचं खरं आहे. नासात निवड झालेल्यांना सुरुवातीलाच २५ मीटरच्या तलावाच्या तीन फेऱ्या न थांबता, मग त्याच फेऱ्या उड्डाणाचा पोशाख आणि बूट घालून, आणि दहा मिनिटं पाण्यात उभं तरंगत राहणं, एवढं करावं लागतं. अंतराळात बाहेर पडून काम करण्याचा सराव प्रचंड मोठ्या तलावात पाण्याखालीच होतो. कक्ष समुद्रात उतरतो, म्हणून आपल्या चौघांनाही पाण्यातून सुटकेचं प्रशिक्षण आहेच. ताई, नांदेडला तलावावर मुलींची वेळ कोणती ते विचार आणि या उन्हाळ्यात सुरू कर. इतर सगळ्या गोष्टींना परीक्षा आहे, जाहिरात आहे, वयाची अट आहे. हे तुझ्या हातात आहे.

---

दुंडीगल_परभणी

बेटा, डोळ्यांचं आधी कर. चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडून नंबर, रंगदृष्टी आणि डोळ्याच्या पुढच्या पृष्ठभागापासून मागच्या पडद्यापर्यंतची लांबी मोजून घे. शस्त्रक्रियेचं आत्ता काही ठरवू नको. रंगदृष्टीत दोष निघाला तर उड्डाण शाखा विसरायची आणि थुंबाकिनारा म्हणतात ती वाट धरायची, म्हणजे दोन वर्षं वाया जाणार नाहीत. दातही दाखव, वायुदलात दातांचे १४ गुण लागतात आणि आपली मुलं ऐनवेळी तिथं अडकतात. दररोज पळायला लाग. सुरुवातीला मैदानाला एक फेरी झाली तरी चालेल, खाडा नको.

वायुदलात जायचं की नाही हे मात्र मनाशी नीट ठरव. ती देशाची सैनिकी सेवा आहे. तिच्याकडं अंतराळाची शिडी म्हणून बघणारा माणूस बोर्डासमोर अर्ध्या तासात उघडा पडतो, आणि पडायलाच पाहिजे.

---

विष्णुपुरी_मेक

सर, हे मी विचार करून सांगते. आत्ता लगेच हो म्हणणं बरोबर होणार नाही. माझ्या आत्याचा मुलगा सैन्यात आहे, त्याच्याशी बोलते.

---

थुंबाकिनारा

हे उत्तर आवडलं.

गेटचं असं. तुझा पाया मेकॅनिकलचा, म्हणून मेकॅनिकलचा पेपर मुख्य ठेव. एकाच वर्षी दोन पेपर देण्याची मुभा असते, पण जोड्या ठरलेल्या असतात, त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घे. तिसऱ्या वर्षापासून परीक्षा देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. तिसऱ्या वर्षाला एकदा देच, म्हणजे आपण कुठं आहोत ते कळतं.

कॉलेजात एरोस्पेस नाही म्हणून अडत नाही. द्रवयांत्रिकी, उष्णता संक्रमण, कंपनं, पदार्थशास्त्र आणि नियंत्रण प्रणाली हे पाच विषय इतके पक्के कर की पुस्तक बंद करून शिकवता येतील. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची एरोस्पेसची व्याख्यानं आहेत, बघायला पैसे लागत नाहीत. आणि हातानं काम कर. वर्कशॉपमध्ये लेथवर उभी राहा, वेल्डिंग कर. अंतराळ स्थानकावर पंप बिघडला तर तो उघडणारा हात लागतो.

तुझ्या शेजारच्या जिल्ह्यात काय उभं राहतंय ते माहीत आहे ना? हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांच्या आत निर्वात पोकळी, आणि प्रोटॉनहूनही कितीतरी लहान हालचाल टिपायची म्हणून जमिनीच्या कंपनांपासून आरसे वेगळे टांगायचे. निर्वात, कंपन, तापमान नियंत्रण, स्वच्छ जोडणी, हे सगळं उपग्रह बांधण्याच्या कामाशी जुळतं. पुण्याची आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, त्या प्रकल्पातली एक मुख्य संस्था आहे. विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम निघतात का यावर लक्ष ठेव. माझी स्वतःची मुलगी तुझ्या जागी असती तर मी तिला पहिल्यांदा औंढ्याला घेऊन गेलो असतो. नागनाथाचं दर्शनही होतं.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पाबद्दल आत्तापासून विचार कर. वाण_आणि_बियाणं यांनी वर जी खुर्ची देऊ केली आहे ना, ती घे. वजनविरहित अवस्थेत पाणी खाली जात नाही, त्याचा गोळा मुळाला चिकटून बसतो आणि मुळाला हवा मिळत नाही. पाणी आणि हवा दोन्ही पोचवणारी छोटी पेटी करून बघ. इथं पृथ्वीवर वजनविरहित अवस्था नाही, पण रोप सतत सावकाश फिरवत ठेवून तिच्या थोडं जवळ जाता येतं, त्या यंत्राला क्लिनोस्टॅट म्हणतात. मोटर, गिअर, बेअरिंग. तुझ्या वर्कशॉपमध्ये होईल.

---

वाण_आणि_बियाणं

खुर्ची खरोखर आहे. परभणीला यायच्या आधी इथं व्यक्तिगत निरोप टाक, मेथी आणि मुगाचं बियाणं मी देतो. सरकीचं नको, तिला मोड यायला वेळ लागतो.

---

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. त्या प्रशिक्षणवाल्यांना नाही म्हणून कळवलं. दाजींना विद्यावेतनाचे आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, मग परीक्षा देऊ द्या. डोळ्यांच्या तपासणीला नांदेडलाच जाणार आहोत, निकाल इथं लिहीन. किल्लारीकर, तुमच्या भावाचं अकरावीचं काय ठरलं?

---

किल्लारीकर

पीसीएम. घरी दोन दिवस भांडण झालं, पण ठरलं. एसपीआयच्या प्रवेशाची जाहिरात साधारण कधी येते, कुणी सांगेल का?

---

एसपीआय_जुना

तारखा दरवर्षी बदलतात. संस्थेच्या संकेतस्थळावर दहावीच्या परीक्षेच्या आधीपासूनच नजर ठेवा, निकाल लागल्यावर बघायला गेलात तर उशीर होतो. गणिताच्या जुन्या एनडीए प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, विकत घेऊ नका. भावाला पहिल्यांदा त्रिकोणमिती करायला सांगा.